सात फोटो आणि एक मुतारी

सकाळी साडेसातला समितीच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला. खाली एकच ओळ: "ॲपला १.७ स्टार कसे काय?" सोबत हनुवटीला हात लावलेला तो विचारी इमोजी.

कसे काय म्हणजे? तुमच्या कृपेने, भाऊ!

ॲप मी बनवलं, एका महोत्सवाचं. महोत्सवाचं नाव घेत नाही, अर्धं पेमेंट अजून यायचं आहे. नागपुरात दर थंडीत असे चार-पाच होतात, त्यातलाच एक समजा. चार दिवस, मोठं मैदान, खाण्याचे स्टॉल, शेतीची अवजारं, बचत गटांची पापड-लोणची, रात्री गाण्याचा कार्यक्रम. आणि आजकाल ॲपशिवाय महोत्सव म्हणजे वऱ्हाडी लग्नात पंगतच नाही, असं कोणीतरी यांच्या डोक्यात भरवून दिलेलं.

पहिली मीटिंग तीन तास चालली. लोकांना काय लागेल यावर किती वेळ बोललो? सात-आठ मिनिटं. बाकी सगळा वेळ, पहिल्या स्क्रीनवर फोटो कोणाकोणाचे आणि कोणत्या क्रमाने. मधला मोठा कोणाचा, डावीकडे कोण, माजी अध्यक्षांना गोलात घ्यायचं की चौकोनात. मी यादी करून नेली होती: स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पार्किंग, कोणतं गेट, आज स्टेजवर किती वाजता काय, हरवलेल्या पोरांचा कक्ष. सहा गोष्टी, सहा मोठी बटणं, संपला विषय. यादी वाचून एक साहेब म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण मनोगत कुठे टाकणार?"

मनोगत! तहान लागलेला माणूस मैदानात उभा राहून तुमचं मनोगत वाचणार आहे काय?

शेवटी झालं काय, तर सात फोटो आणि मनोगत पुढे, माझी सहा बटणं 'अधिक'मध्ये, तिथून 'सुविधा', तिथून 'इतर'. फोटोही कसे, तर स्टुडिओतून आले तसे, एकेक चार-पाच एमबीचा. मी बारीक करून टाकले तर "चेहरा फाटून राहिला" म्हणून परत लावायला लावले. एकोणीस एमबीचं ॲप पन्नासच्या वर गेलं. ज्याच्या फोनची मेमरी गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी आधीच गच्च आहे, तो माणूस गेटवर उभं राहून यांचे सात चेहरे उतरवून घेणार होता!

मग नोंदणी. नाव, मोबाईल, ईमेल, जन्मतारीख, पिनकोड, आवडीनिवडी. कशाला? "स्पॉन्सरला डेटा पाहिजे." मुतारी शोधायला जन्मतारीख! वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, लागेल तेवढीच माहिती घ्यायची असते, असं सांगितलं तर एकाने मला असं पाहिलं, जणू मीच तो कायदा केला.

ओटीपीची तर वेगळीच तऱ्हा. धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर त्याचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी व्यवस्थेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुराशी पाठवलेला मजकूर जुळला नाही, की मेसेज मधेच अडतो. मी साधा सरळ मजकूर मंजूर करून आणला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यांना आठवलं, "मराठीत पाहिजे, सुरुवातीला हार्दिक स्वागत पाहिजे." मराठी एसएमएसच्या एका तुकड्यात ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. त्यातही आपली प्रत्येक मात्रा, प्रत्येक वेलांटी वेगळी मोजली जाते. समितीचं पूर्ण नाव आणि हार्दिक स्वागत यातच सत्तरी गाठली, ओटीपीचा आकडा गेला दुसऱ्या तुकड्यात. म्हणजे खर्च दुप्पट, आणि मंजुरी परत पहिल्यापासून. मी हे समजावून सांगत असताना समोरचा माणूस तर्री पोहे खाऊन राहिला होता. तोंड पुसून म्हणाला, "करून टाक ना बे, एवढं काय त्यात."

उद्घाटन झालं हॉटेलात. एसी हॉल, वायफाय फुल्ल, पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या, ॲप लोण्यासारखं चाललं. पण मैदानात काय हॉटेलचं वायफाय येते? जामठ्याला मॅच असते तेव्हा स्टेडियममधून घरी एक फोटो पाठवून बघा, गोल फिरत राहतो नुसता. एका टॉवरवर हजारो फोन लटकले की असंच होणार. म्हणून पहिल्या दिवसापासून कंठशोष करत होतो, की नकाशा, वेळापत्रक, सगळं फोनमध्येच साठवून ठेवू, नेट नसलं तरी उघडलं पाहिजे, नोंदणी नकोच. उत्तर काय? "मग किती लोकं आले ते आम्हाला कसं कळेल?"

दीक्षाभूमीवर १९५६ पासून लोक येतात. विजयादशमीला गावोगावचे लाखो लोक, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते उभे असतात, फलक असतात, म्हातारीला हात धरून रस्ता दाखवणारं कोणीतरी असतं. ॲप बनवू नका असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यावर आहे. पण तो कार्यकर्ता जे दोन शब्दांत सांगतो, तेवढं तरी तुमच्या ॲपला सांगता यावं की नाही?

आणि रंग! संत्रानगरी म्हणून सगळं संत्र्याच्या रंगाचं. केशरी पट्टी, त्यावर पांढरी बारीक अक्षरं. हॉटेलच्या हॉलमध्ये गोड दिसतं. दुपारी एक वाजता उन्हात फोन धरला की त्या पट्टीवर स्वतःचा चेहरा दिसतो, अक्षर नाही. डिझाइन करणाऱ्या पोट्ट्याने सगळं इंग्रजीत बसवून पाहिलेलं. मराठी टाकल्यावर ओळीची उंची पुरेना, 'पार्किंग'चा रफार, वेलांटी, अनुस्वार तिन्ही छाटले गेले. भाषांतर तर समितीतल्या कोणाच्या तरी भाच्याने मशीनमधून काढून आणलं. होमचं झालं 'घर', बुकचं 'पुस्तक', बॅकचं 'पाठ'. गाण्याच्या कार्यक्रमाखाली बटण, 'पुस्तक'. एका बाईंनी मला खरंच विचारलं, पुस्तक फुकट आहे का विकत?

हे सगळं दुरुस्त करून अपडेट टाकलं. प्ले स्टोअरच्या तपासणीला सात दिवसही लागू शकतात, हे गूगल स्वतः लिहून ठेवतं. आमचा महोत्सव चार दिवसांचा. "गूगलला फोन लाव ना," असं मला सांगण्यात आलं. लावतो की, शेजारीच राहते ना ते, मानेवाड्यात!

रविवारी संध्याकाळी मी मदत कक्षाजवळ उभा होतो. काटोलकडचे एक काका, धोतर, टोपी, हातात नातवाचा फोन. "बापू, मुतारी कुठं हाय रे? पोरगं म्हणते याच्यात दिसते." फोन घेतला. सात फोटो हळूहळू वरून खाली उतरले. मग नोंदणी. जन्मतारीख त्यांना माहीत नव्हती, पोळ्याच्या आसपासची म्हणाले. मी एक जानेवारी टाकली. ओटीपी पाठवला. गोल फिरत राहिला. काका एका पायावरून दुसऱ्या पायावर. दोन मिनिटं झाली, मेसेज नाही. "परत पाठवा" दाबलं. "बापू, जाऊ दे," काका म्हणाले आणि आवारभिंतीकडे निघाले, जिथे आधीच दहा-बारा जण पाठमोरे उभे होते.

मी पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका फाडला, मार्करने 'मुतारी' लिहिलं, बाण काढला आणि खांबाला सुतळीने बांधला. दहा मिनिटांत भिंतीकडची गर्दी तिकडे वळली. चार दिवसांत माझं चाललेलं ते एकच डिझाइन. रात्री एका पदाधिकाऱ्याने ते काढायला लावलं, कारण त्यामागे त्यांचा फ्लेक्स झाकला जात होता.

आता गुरुवारी आढावा बैठक आहे. विषय पहिला: पुढच्या वर्षीचं ॲप. समितीत एक सदस्य नवीन घेतलेत, त्यांचा फोटो आत्ताच आला व्हॉट्सॲपवर. कोणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या माणसाचा खांदा कापलेला, पार अस्पष्ट. खाली मेसेज: "हा आठवा. जरा क्लियर करून घेशील."