गाईचे उपयोग कसे शिकवावेत?

गुरुजी, प्राण्यांचा पाठ तुमच्याकडे आलाय? घाबरू नका. भिंतीवर दोन तक्ते लावा, पाळीव आणि जंगली. जुन्नरकडची शाळा असेल तर एखादं पोर विचारेलच, "बिबटीण आमच्या उसात व्यालीय, तिला कुठल्या तक्त्यात टाकू?" त्याला खाली बसवा. बिबट्या जंगलात राहतो, तक्त्यात तसं छापलंय.

मग गाय. 'गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे' असं फळ्यावर लिहा, खाली दूध, शेण, गोमूत्र. चामड्यापाशी मात्र थोडी घाई करा. 'चामड्याच्या चपला होतात' एवढंच पुरे. कातडं आपोआप निघून चपलेत शिरतं, असं वाटलं पाहिजे. मेलेलं ढोर कोण ओढायचं, त्याचं घर गावाच्या कुठल्या टोकाला होतं, हा इतिहासाचा विषय. इतिहासाचे सर तो नागरिकशास्त्रावर ढकलतील, तुम्ही निश्चिंत राहा. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे, तेव्हा ट्रॅक्टरवाल्या घरातल्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, हे पाचवीला नाही. (दहावीलाही नाही. बाजारात असतं.)

कोंबडीचा उपयोग अंडी. इथे जपून. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकवर्गणी काढा म्हणाले. सध्या अंडं चित्रात दाखवा.

भूतदया सोमवारी घ्या. संविधानाचं कलम ५१ अ, सजीवांविषयी करुणा हे मूलभूत कर्तव्य, पोरांकडून पाठ करून घ्या. फक्त रविवारी बैलगाडा शर्यतीच्या घाटात 'भिर्रर्र' करताना त्यांना दिसू नका. विचारलंच तर सांगा, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यत क्रूर ठरवली, २०२३ साली त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पेपर कुठल्या साली तपासला जातोय, त्यावर गुण.

शेवटी निबंध, 'माझा आवडता प्राणी'. वर्गात धनगराचं एखादं पोर असेल. दिवाळीनंतर मेंढ्यांच्या वाड्याबरोबर कोकणात उतरतं, पावसाच्या तोंडाला परततं, हजेरी कायम कमी. ते लिहील, 'मेंढी अडली होती. आई म्हणली तुजा हात बारीक हाय. मी हात घालून कोकराचा पाय सरळ केला. दोगं जगली.' लाल पेन काढा. 'म्हणली', 'तुजा', 'हाय', 'दोगं', चार चुका. प्रस्तावना नाही. मेंढीला चार पाय असतात, हे तर कुठेच लिहिलेलं नाही. दहापैकी तीन द्या.