शाळेत धर्म कोणी आणला?

सकाळपासून मनातल्या मनात भांडतेय. पोळ्या लाटताना, बसमध्ये, ऑफिसात. आता लिहूनच टाकते. लांब होणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जा.

लेकीच्या शाळेतल्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. काल रात्री बाईंचा मेसेज आला. शनिवारी गाइडचा, म्हणजे मुलींच्या स्काउटचा, दीक्षाविधी, मुलींनी पूर्ण गणवेशात यावं, बुटांना पॉलिश, केसांना काळ्या रिबिनी, वचन आणि नियम तोंडपाठ. नेहमीचंच. त्याखाली एका आईनं अगदी अदबीनं, हात जोडलेल्या इमोजीसकट विचारलं, "मॅडम, वचनात ईश्वर शब्द आहे. आमच्याकडे तो म्हणत नाहीत. त्याऐवजी दुसरं काही म्हटलं तर चालेल का?"

बाईंचं उत्तर यायच्या आत एक बाबा उगवले. "शाळेत तरी जात-धर्म आणू नका. सगळ्या मुली म्हणतात तेच म्हणायला काय होतं? पटत नसेल तर गाइडला घालू नका, सक्ती थोडीच आहे." खाली चौदा अंगठे. मी मोजले.

म्हणजे बघा. ईश्वर आधीपासून वचनात बसलेला, पहिल्याच ओळीत, आणि धर्म शाळेत आणला म्हणे त्या आईनं!

मी काही लिहिलं नाही ग्रुपवर. लिहायला हवं होतं. अशा वेळी न बोलण्याची मला जुनी सवय आहे, तेच सांगायचंय.

१९९१ साल असेल, मी सातवीत. आमची तालुक्याच्या गावातली शाळा. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच शिकवायचे आणि मुलांचे स्काउट मास्तर होते. मुलींच्या गाइडला वेगळ्या बाई. आमचा जास्वंद संघ, आठ जणी, आणि संघनायिका माझ्या बाकावरची मैत्रीण. तिचं नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. खुंटागाठ मला तिनं शिकवली, शाळेमागच्या पेरूच्या झाडाला दोरी बांधून. माझी दर वेळी सुटायची. "दुसरा वेढा पहिल्यावरनं तिरका ने की गं, आन् शेंडा त्याच्याच खालनं काढ." शेंडा कुठून काढायचा हे आजही हातांना माहीत आहे, आणि हातांना ते तिच्याच आवाजात ऐकू येतं.

दीक्षाविधीच्या दिवशी एकेक मुलगी झेंड्यापुढे जायची. उजवा हात वर, तीन बोटं सरळ, करंगळीवर अंगठा. ती तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग: ईश्वर आणि देशाविषयीचं कर्तव्य, इतरांना मदत, नियमांचं पालन. वचन म्हणायचं, मग बाई गळ्यात स्कार्फ घालणार, वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायचं कडं, वर सरकवणार आणि डाव्या हातानं हस्तांदोलन.

ती गेली. खणखणीत आवाजात म्हणाली, फक्त ईश्वर गाळून थेट देशावर आली.

बाई म्हणाल्या, "एक शब्द राहिला." तिनं परत म्हटलं, परत गाळला. बाई म्हणाल्या, "अगं, विसरलीस का?" त्यावर ती म्हणाली, "न्हाई बाई. आमच्या घरात ईश्वर म्हणत न्हाईत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी स्कार्फ परत ताटात ठेवला. "बाजूला उभी राहा, नंतर बघू." तिच्यानंतर माझा नंबर होता. मी गेले, सगळं म्हटलं, एक शब्द न गाळता, आणि स्कार्फ घालून परत आले. ती मैदानाच्या कडेला दोरीचं भेंडोळं धरून उभी होती. गाठींच्या प्रात्यक्षिकासाठी आणलेली दोरी.

ते 'नंतर' काही आलं नाही. संघनायिका दुसरी झाली.

तिच्या घरी मी जायचे. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी चौकटीत बावीस प्रतिज्ञा, बौद्ध धम्म घेताना त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, इथूनच त्या सुरू होतात. आमच्याकडे कालनिर्णय जसं रोज नजरेखालून जायचं, तशा तिच्या त्या. पोरीनं बावीस प्रतिज्ञा वाचत मोठं व्हायचं आणि शाळेत तेविसावी त्यांच्या उलट घ्यायची? आणि गंमत अशी की आम्हाला घोकून घेतलेला पहिला नियम होता, गाइड विश्वसनीय असते. त्या दिवशी रांगेतली एकच मुलगी तो नियम पाळत होती. बाकी आम्ही नुसतं पाठ म्हणत होतो. माझा तरी तेव्हा ईश्वराशी काय संबंध होता? परीक्षेपुरता.

आता ज्यासाठी एवढं लिहितेय ते. भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या वचनाखालीच टीप आहे: इच्छा असेल तर ईश्वर या शब्दाऐवजी धर्म म्हणता येईल. कुणी मोर्चा काढून मिळवलेली सवलत नाही ही, संस्थेनं स्वतःच छापलेली एक ओळ आहे. बारीक टायपात, सहज नजरेतून सुटेल अशी. तिच्या घरच्या अर्थानं 'धम्म' म्हणून तो शब्द ती आनंदानं म्हणाली असती. ती ओळ कुणी वाचून दाखवली असती तर त्या ताटात स्कार्फ उरला नसता.

म्हणजे त्या ग्रुपवरच्या आईनं जे विचारलं त्याचं उत्तर कधीचंच छापलेलं आहे. आणि चौदा जण तिलाच शहाणपण शिकवतायत.

"सक्ती थोडीच आहे." हे वाक्य तर डोक्यात गेलंय माझ्या. अहो बाबा, शाळा अनुदानित आहे. बाईंचा पगार सरकार देतं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आणि त्या आईच्याही. मैदान शाळेचं, तास शाळेचा. केंद्राचं युवक खातं स्काउटिंगला अनुदान देतं. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला की दहावीला सवलतीचे गुण. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती निघते. एवढं सगळं सरकारच्या पैशातून आणि दरवाजावर पाटी, पटत नसेल तर येऊ नका? तुमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाला लावा तो नियम, माझी हरकत नाही. घटनेचं २८ वं कलम वाचा एकदा. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही, असं त्यात आहे. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. मोठ्या माणसाला कोर्टात जाता येतं. सातवीतली पोर दोरी धरून उभी राहते.

बरं, वचन म्हणजे उपासना नव्हे, हे मान्य. कुणी वकील कमेंटमध्ये येऊन सांगणारच आहे, म्हणून आधीच मान्य करते.

न्यू जर्सीत माझा आतेभाऊ आहे, त्याला दुपारी फोन लावला. त्याचा मुलगा तिकडे स्काउटमध्ये होता, मीटिंगा चर्चच्या तळघरात. तो म्हणाला, "आम्हाला सांगितलेलं, देव तुमचा कुठलाही चालेल, गणपती चालेल, पण देव हवा." नास्तिकाला दार बंद. त्यांच्याच न्यू जर्सीतल्या एका तरुण स्काउट नेत्याला तो समलिंगी आहे म्हणून काढलं होतं, आणि २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ही खासगी संघटना आहे, कुणाला ठेवायचं ते तिचं ती ठरवेल. मग फिलाडेल्फिया शहरानं म्हटलं, ठीक आहे, मग आमच्या जागेत फुकट बसू नका, बाजारभावानं भाडं भरा. तेही कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये ज्यूरीनं स्काउटांची बाजू घेतली. मला विचाराल तर शहराचं बरोबर होतं. खासगी म्हणवायचं तर भाडं भरा, सार्वजनिक पैसा हवा तर दार उघडा. समलिंगी मुलांना त्यांनी नंतर घेतलं, २०१४ पासून. ते पण चर्चेतून, मतदानातून, वर्षानुवर्षं भांडून.

आणि जिथे हे सगळं सुरू झालं त्या इंग्लंडात? स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलच्या देशात गाइडांनी २०१३ मध्ये वचनातून देवच काढला. स्काउटांनी २०१४ पासून देव न मानणाऱ्यांसाठी वेगळे शब्द दिले. आभाळ कोसळलं नाही. पोरं अजून तंबूच ठोकतायत.

आपल्याकडे तर हे आधी कळायला हवं होतं. इथे स्काउटिंग आलं ते साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या पोरांना प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट बाईंनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, म्हणून मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरूंनी अलाहाबादेत सेवा समितीचे स्काउट उभे केले. हे सगळे पुढे ७ नोव्हेंबर १९५० ला एकत्र आले, त्या दिवसाचे स्टिकर आपण अजून छातीला लावतो. 'तू आमच्यातला नाहीस' हे ऐकून ज्यांनी आपलं घर बांधलं, त्या घरात माझी मैत्रीण मैदानाच्या कडेला.

थांबते जरा. चहा ठेवलाय.

हं. चहा घेतला आणि थोडी शांत झाले, तर खरं तेही लिहिते. स्काउट-गाइडनं मला पुष्कळ दिलं. 'खरी कमाई'त, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, शेजारच्यांच्या सायकली पुसून साडेसात रुपये मिळवले, त्याची ऐट मला पहिल्या पगाराला आली नव्हती. आणि सगळ्या जातींच्या मुलींनी एका पातेल्यात खिचडी शिजवून खाल्ली ती तिथल्या शिबिरातच, आमच्या गावात दुसरीकडे कुठे जमलं नसतं. सरकारी मदत म्हणाल तर ती पुरते कुठे? अण्णा दोऱ्या, काठ्या स्वतःच्या पगारातून आणायचे, आई कुरकुरायची. हेही खरं.

पण त्याच शिबिराची एक गोष्ट सांगते. पहाटे सर्वधर्म प्रार्थना असायची. गीता झाली, एका मुलीनं फातिहा म्हटला, ख्रिस्ती प्रार्थना एका बाईंनी म्हटली. मग विचारलं, "बुद्धं सरणं कोण म्हणतंय?" कुणीच नाही. जिला येत होतं ती घरी होती, दीक्षाच झाली नव्हती तर शिबिराला कशी येणार? मग अक्षर बरं म्हणून की काय, माझ्या हातात कागद दिला. मी वाचलं. तिसऱ्या 'गच्छामि'ला अडखळले. सगळ्यांनी डोळे मिटलेले होते, मीच उघडे ठेवून वाचत होते.

परत आल्यावर तिला हे सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे निम्मं ओरडूनच बोलले. विचारलं, तुम्हाला ती टीप माहीत होती का हो? म्हणाले, "कुठली? ईश्वराच्या जागी धर्म, ती? होती की."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? तुम्ही तिथेच उभे होतात. झेंड्याच्या दोरीपाशी."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "बाईंचा कार्यक्रम होता. मधे बोलणं बरं दिसलं नसतं." आणि थोड्या वेळानं, "तिचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आलेला. भांडायला न्हवं. दोरी परत द्यायला. पोरीनं चुकून घरी नेली म्हणाला."

हे मला माहीत नव्हतं.

अण्णांवर चिडायचं ठरवून फोन केला होता, तेवढं काही जमलं नाही. चांगला माणूस, नियमाचा पक्का, आणि एक वाक्य बोलला नाही. मी तरी कुठे बोलले? काल रात्री सेहेचाळीस वर्षांची बाई अंगठे मोजत बसली होती.

त्या टिपेनंही सगळं सुटत नाही, कळतंय मला. ज्याला ईश्वरही नको आणि धर्मही नको, त्या पोरानं काय म्हणायचं? त्याच्यासाठी आपल्या वचनात अजून जागा नाही, ती मागायला हवी. पण निदान जी आहे ती तर सांगा! दीक्षेच्या आठवडाभर आधी, सगळ्यांसमोर. "यातला कुठला शब्द म्हणायचा ते तुम्ही ठरवा." एवढं एक वाक्य. म्हणजे कुण्या आईला रात्री साडेदहाला हात जोडून विचारावं लागणार नाही.

लेकीला सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "मग मी काय म्हणू?" म्हटलं, तुला वाटेल ते. ती म्हणाली, "मी दोन्ही पाठ करते." आता गॅलरीच्या गजाला माझी ओढणी बांधून खुंटागाठ घालतेय. सुटतेय. जाऊन दाखवते.

अण्णांना म्हटलं होतं, जुनं पुस्तक असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा. मला वाटलं विसरतील. आत्ता आला. तिरका, अर्ध्या पानावर त्यांचा अंगठा, पण टीप दिसतेय. ग्रुपवर टाकलाय, त्या आईला टॅग करून. बाईंच्या दोन निळ्या टिका आल्यात. ते बाबा टाइप करतायत.