डांबराला हे गणित लागू पडत नाही
‘रस्त्यांची देखभाल वर्षभर पुढे ढकलली तर तेवढा निधी वाचेल’ हे लेखातलं विधान पटलं नाही. ३-४ मिलिमीटरची भेग हवेच्या झोताने साफ करून, कोरडी असताना गरम डांबराने भरली की काम भागतं. तशीच सोडली तर पाणी खालच्या खडीच्या थरात मुरतं, थर मऊ पडतो आणि जड वाहनांखाली मगरीच्या पाठीसारखी जाळी उठते. मग नुसतं डांबर ओतून उपयोग नाही, खडीपासून उकरावं लागतं.

आणि कात्री आधी लागते ती गटारसफाईला! कडेचं गटार तुंबलं की पाणी बाजूनेच रस्त्याच्या पोटात शिरतं. शिवाय खड्डा बुजवताना त्याच्या कडा चौकोनी न कापता ओल्यातच डांबर-खडीचा माल टाकून फावड्याने थोपटला, तर तो पहिल्याच पावसात उखडणार.