तर्पणाने मॅक्युलाची झीज भरून येत नाही

कोथरूड, सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सात दिवस डोळ्यांत त्रिफळा घृत घाला, म्हातारपणी झिजलेला पडदा भरून येतो, इंजेक्शनं बंद करा.’ मी स्वतः वैद्य आहे, डोळ्यांत औषधी तूप धरण्याचा हा तर्पण नावाचा उपचार करते, म्हणूनच स्पष्ट सांगते, हे खरं नाही.

तर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ लावतात, आत कोमट तूप ओततात आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. कोरड्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांना त्याने बरं वाटतं. पण मॅक्युला, म्हणजे मधली स्पष्ट नजर देणारा भाग, असतो पार मागे, डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी. झिजेच्या ओल्या प्रकारात तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरायला लागतात. त्यांना आवर घालतं ते डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शनच. ते चुकवलं तर मधली नजर कायमची जाऊ शकते.

मागे एक आजी आल्या. दाराची चौकट वाकडी दिसते म्हणाल्या, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा. दोन इंजेक्शनं चुकवून त्या देवघरातल्या वाटीतलं तूप डोळ्यांत घालत होत्या! त्याने जंतुसंसर्गाची भीती, ती वेगळीच. त्याच दुपारी त्यांना रेटिनातज्ज्ञांकडे पाठवलं.

मोतीबिंदूही तुपाने विरघळत नाही. कफज लिंगनाशावर, म्हणजे आयुर्वेदातल्या मोतीबिंदूवर, सुश्रुतसंहितेतही शस्त्रकर्मच सांगितलंय.

घरी एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीकडे बघा. सरळ रेघ वाकडी किंवा तुटक दिसली तर माझ्याकडे नको, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि चालू असलेलं इंजेक्शन त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.