एक रुपयाचा विमा गेला, हिशेब तसाच राहिला

खरीप 2023 ला एक रुपयात पीक विमा आला, बोगस अर्जांनी बदनाम झाला आणि खरीप 2025 ला पुन्हा संरक्षित (विम्याच्या) रकमेच्या 2 टक्के हप्ता लागू झाला. त्यावर महाराष्ट्रात पेटलेला वाद अमेरिकेतल्या आयोवातून वाचताना वाटतं, भांडण हप्त्यावर चाललंय आणि खरी नाराजी भरपाईच्या हिशेबावर आहे. कंपन्यांच्या नफ्याला बीड पॅटर्नने (80:110, म्हणजे भरपाई कमी निघाली तर कंपनीला हप्त्याच्या 20 टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं, 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारचा) लगाम बसतो हे खरं, पण उरलेला पैसा सरकारकडे परत जातो, शेतकऱ्याकडे नाही.

सोयाबीनचंच घ्या. महसूल मंडळाच्या (काही गावांचा गट, भरपाई त्याच्याच सरासरीवर ठरते) सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी 1400 किलो धरू. 70 टक्के जोखीमस्तराने उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते तो आकडा, 980 किलो. यंदा मंडळाचं उत्पादन 784 निघालं, तर तूट 20 टक्के. 50,000 च्या संरक्षित रकमेवर 10,000 रुपये. नदीकाठी ज्याचं सगळं वाहून गेलं त्याला 10,000, माळावर ज्याला बरं पिकलं त्यालाही 10,000. मंडळाची सरासरी 985 आली तर दोघांच्या हाती भोपळा. हा आकडा ठरतो 10 बाय 5 मीटरच्या मोजक्या प्लॉटांवरच्या कापणी प्रयोगांतून. तिथे ओल्या दाण्यांचं वजन ओलावा वजा न करता लिहिलं, की कागदावर उत्पादन फुगतं आणि तूट गायब होते. त्यात 2025 ला राज्याने स्थानिक आपत्तीचा ट्रिगरही (एकेका शेताचं नुकसान वेगळं मोजून भरपाई द्यायची तरतूद) काढला. सप्टेंबरच्या पुरात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विम्यासाठी वैयक्तिक पंचनामा मागायची सोयच उरली नाही.

इथे आयोवात मक्याचा विमा शेतकऱ्याच्या स्वतःच्या 4 ते 10 वर्षांच्या उत्पादनावर निघतो. सरासरी एकरी 200 बुशेल (मक्याचा एक बुशेल सुमारे 25 किलो), संरक्षण 80 टक्के, म्हणजे 160 बुशेल. भाव डिसेंबरच्या वायद्याचा (पुढच्या डिसेंबरसाठी आज बाजारात ठरणारा भाव), फेब्रुवारीतली सरासरी. 2025 ला बुशेलला 4.70 डॉलर. एकरी 752 डॉलरची हमी पेरणीआधीच हिशेबात बसते. ऑक्टोबरात भाव 4.22 झाला. 170 बुशेल पिकले तरी त्यांचे 717.40 च होतात, वरचे 34.60 विमा देतो. नुकसान कळवायला भारतातल्या योजनेसारखे 72 तास इथेही आहेत. पीक मोडायचं असेल तर पाहणीसाठी नमुन्याच्या ओळी शेतात उभ्या ठेवाव्या लागतात.

हे उचलून लातूरला नेता येणार नाही. इथे एलेव्हेटरच्या (धान्य खरेदी-साठवणुकीच्या कोठाराच्या) काट्याची पावती असते, 15 जुलैपर्यंत पेऱ्याचा अहवाल द्यावा लागतो. दोन एकरवाल्याकडे स्वतःच्या उत्पादनाचा दहा वर्षांचा पुरावा कुठून येणार? प्रत्येकाच्या बांधावर माणूस पाठवायचा खर्च हप्त्याला झेपणार नाही. मंडळाची सरासरी राहणारच, आणि ती काही मूर्खपणाची नाही.

पण उंबरठा उत्पादनाचा आकडा विम्याच्या पावतीवरच छापायला काय हरकत आहे? कापणी प्रयोगाचं वजन आणि ओलावा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला, तर हरकत वेळेत घेता येईल. केंद्राने खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भात पाण्याखाली जाऊन होणारं नुकसान विम्यात घ्यायचं जाहीर केलंय. स्थानिक आपत्तीचा ट्रिगर परत आणायचा निर्णय राज्याने पेरणीआधी घ्यायला हवा.