हंगाम संपल्यावर कोकणात काय उरते

मे महिना सरत आला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा थांबतात, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या वर ओढल्या जातात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. त्याच सुमारास दरवर्षीचा वाद डोके वर काढतो. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गाने तीन महिने दारे लावून बसणे परवडणारे नाही, पर्यटन बारमाही झाले पाहिजे, असे अनेक व्यावसायिकांचे म्हणणे असते. निदान पावसाळा तरी आमचा राहू द्या, असे गावांतून उत्तर येते. मी मूळचा मालवणचा असलो तरी आता इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहतो आणि तिथला बंद हंगाम पाहून मी गावांच्या बाजूला झुकलो आहे.

कॉर्नवॉलची अर्थव्यवस्थाही किनाऱ्यावरच्या पाहुण्यांवर बरीच अवलंबून आहे. नोव्हेंबर लागला की अनेक खाणावळी ईस्टरपर्यंत उघडत नाहीत, बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात आणि कित्येक गल्ल्यांत संध्याकाळी एकाही घरात दिवा दिसत नाही, कारण ती घरे सुट्टीपुरती येणाऱ्या बाहेरच्यांची आहेत. हे इतके वाढले की २०१६ मध्ये सेंट आइव्हज गावाने सार्वमत घेऊन नवी घरे वर्षभर राहणाऱ्यांसाठीच राखण्याच्या बाजूने कौल दिला आणि एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलमध्ये अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट घरपट्टी लागू झाली. उन्हाळ्यात हॉटेलांत राबणाऱ्या तरुणाला हिवाळ्यात काम नसते आणि गावात भाड्याने राहणेही झेपत नाही. करायला दुसरे काही उरलेले नसल्यामुळे तिथला बंद हंगाम जाचक ठरतो.

आपल्याकडे तसे नाही. ज्या मळ्यात मे अखेरपर्यंत टेनिस चेंडूचे सामने रंगतात, तिथेच पाऊस स्थिरावला की चिखलणी होऊन भाताची लावणी लागते. इंग्लंडमध्ये सप्टेंबरअखेर काउंटी क्रिकेटचे सामने संपले की मैदानांचे कर्मचारी खेळपट्टी खरवडून तिच्यावर माती पसरतात आणि गवताचे बी पेरतात. आमच्या मळ्याला भातच विश्रांती देते आणि वर पोटालाही घालते. मासळीच्या बंदीमागेही हाच विचार आहे: पावसाळा हा अनेक जातींच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेल्या समुद्रात नौका लोटणे हा जिवाशी खेळ. कोकण रेल्वेनेही हे फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी गेले. आज पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, याबद्दल तक्रार करणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

अर्थात सगळेच बंद ठेवा, असे माझे म्हणणे नाही. आंबोलीचा हंगाम पावसातच असतो (धबधब्याखाली बाटल्या फोडणाऱ्यांचाही, दुर्दैवाने) आणि भातलावणी पाहायला येणाऱ्या कुटुंबाला दोन दिवस घरी ठेवून घेण्यात काहीच वावगे नाही. पण बारमाही पर्यटनाच्या आशेने मळे विकून तिथे बाहेरच्यांचे बंगले उभे राहू लागले, तर कॉर्नवॉलचा हिवाळा कोकणात जूनमध्ये येईल. चाकरमान्यांची घरेही वर्षातले अनेक महिने बंद असतात हे खरे, पण ती गणपतीला उघडतात आणि त्यांच्या मालकांना वाडीत नावाने ओळखतात; सुट्टीच्या बंगल्याचे तसे नसते.

तेव्हा वाद व्हायला हवा तो बंदीच्या काळातील पोटापाण्याचा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पात्र मच्छीमाराला बंदीच्या काळासाठी ३,००० रुपये सरकारचे आणि १,५०० रुपये त्याच्याच बचतीचे असे मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढली पाहिजे, आणि जलक्रीडेच्या होडीवर काम करणाऱ्या पोरांसाठीही अशी बचत योजना असावी. पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामाप्रमाणे ठरते. मग होडी आणि न्याहारी-निवासाच्या कर्जाचे हप्तेही सप्टेंबर ते मे या नऊ महिन्यांत बसवून देण्याची मागणी व्यावसायिकांनी बँकांकडे लावून धरावी. हप्ता जुलैत दारात उभा राहिला नाही, तर जुलैत समुद्र उघडा ठेवा म्हणण्याची गरजही त्यांच्यातील बहुतेकांना उरणार नाही.