आधी तारीख ठरवा, फीचर्स नंतर

ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना कोड खुला असलेल्या प्रोजेक्टमध्ये "पुढचं रिलीज कधी?" असं कुणी विचारलं की "तयार झालं की करू" हे उत्तर ठरलेलं. मीही ते कितीतरी वर्षं दिलं. आज मला ते चुकीचं वाटतं, आणि त्याला कारण आहे एक पॅच, म्हणजे कोडमधली एक छोटी दुरुस्ती.

आमच्या छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचात) एका मुलीने आयुष्यातला पहिला पॅच पाठवला. लीप वर्षातली २९ फेब्रुवारी वाचताना आमचा कोड चुकत होता, तो तिने दुरुस्त केला, टेस्टही लिहिल्या. आम्ही तो त्याच आठवड्यात मुख्य कोडमध्ये मर्ज केला. पण आम्ही प्लगइनच्या (वरून जोडायच्या भागांच्या) नव्या रचनेसाठी थांबलो होतो आणि ती काही संपेना. तिने दोनदा विचारलं, "माझी दुरुस्ती लोकांपर्यंत कधी पोचेल?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. चौदा महिन्यांनी रिलीज निघालं. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, तिचं नाव लिहिताना फार वाईट वाटलं; ती केव्हाच निघून गेली होती.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. लिनक्सवर आधारलेली डेबियन ही सिस्टिम घ्या: ३.० जुलै २००२ मध्ये आलं आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलचं २.४ जानेवारी २००१ चं, २.६ डिसेंबर २००३ चं. मधल्या काळात डिस्ट्रोवाले (डेबियनसारख्या लिनक्स सिस्टिम तयार करणारे) २.५ या चाचणीच्या आवृत्तीतल्या सुधारणा उचलून स्वतःच्या जुन्या कर्नलला जोडत बसले होते. रिलीज लांबतं तेव्हा काम थांबत नाही, ते फक्त प्रत्येकाच्या घरी वेगवेगळं होत राहतं.

आता कर्नलचं बघा. दोन आठवडे नवे बदल घ्यायचे, मग दार बंद. त्यानंतर दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट (चाचणीसाठीची आवृत्ती), त्यात फक्त दुरुस्त्या. नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर. एखाद्याचा बदल या वेळी राहिला तर पुढची संधी कधी, हे त्याला नक्की माहीत असतं, म्हणून अर्धकच्चा कोड घुसवायची घाई कमी होते. ठरलेल्या तारखेचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच.

फ्रीझ, म्हणजे नव्या बदलांना दार बंद, मात्र खरोखर पाळायला हवा. एकदा रिलीजच्या आदल्या संध्याकाळी "एकच ओळ आहे, घ्या ना" म्हणून आलेला बदल मी घेतला. ज्यांच्याकडे कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल नव्हती, त्यांच्याकडे प्रोग्रॅम सुरूच होईना. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर ती फाइल होती, त्यामुळे कुणालाच दिसलं नाही. सकाळी उठून पुन्हा रिलीज करावं लागलं. चूक माझी होती. ओळ लिहिणाऱ्याची नाही.

तारीख कधीच हलवू नये असं मी म्हणत नाही. उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोने २००६ मध्ये एप्रिलचं रिलीज जूनवर नेलं, कारण त्या आवृत्तीला सर्व्हरवर पाच वर्षं सपोर्ट द्यायचा होता. आधी जाहीर करून नेलं, हे महत्त्वाचं.

आणि चक्र किती आठवड्यांचं ठेवायचं, हे दुसऱ्याचं बघून ठरवू नका. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा सहा आठवड्यांनी रिलीज करते, पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षातून एकदा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. खरा भार रिलीजचा नसतो, सपोर्टचा असतो. दर सहा महिन्यांनी रिलीज आणि प्रत्येकाला दोन वर्षं सपोर्ट, म्हणजे एका वेळी चार ब्रँच, कोडच्या चार वेगळ्या शाखा. सुरक्षेची प्रत्येक दुरुस्ती चार ठिकाणी लावायची, चार ठिकाणी तपासायची. दोन माणसं संध्याकाळच्या वेळात प्रोजेक्ट चालवत असतील तर हे वचन देऊच नका. फक्त शेवटच्या दोन आवृत्त्या सांभाळू, असं स्पष्ट लिहा. लोक समजून घेतात.

आम्ही आता एप्रिल आणि ऑक्टोबर धरलाय. फ्रीझ तीन आठवडे आधी. कोडवर आवृत्तीचा टॅग लावण्यापासून पॅकेज चढवण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवल्यात आणि प्रत्येक रिलीज वेगळ्या माणसाने करायचं असं ठरवलंय. प्लगइनची नवी रचना एप्रिलपर्यंत झाली नाही, तर ती ऑक्टोबरमध्ये जाईल. बाकीच्यांचे पॅच तिच्यासाठी थांबणार नाहीत.